मदत हवी आहे : 'रामदास' बोटीतून वाचलेल्यांविषयी

१७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक चाकरमानी, सणाला घरी निघालेले. हे सगळं छापून आलंय, तेवढंच पुन्हा पुन्हा येतं. मला हवंय त्यानंतरचं. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांमध्ये ओढून घेतलेल्या लोकांचं पुढे काय झालं? पुन्हा बोटीत पाऊल टाकलं का? ज्यांची प्रेतंच मिळाली नाहीत, त्यांचे दिवस कसे घातले? अलिबाग, रेवस, मांडवा भागातल्या कोणाच्या आजी-आजोबांनी काही सांगितलं असेल, तर कृपया लिहा. ऐकीव असलं तरी चालेल, फक्त कोणाकडून ऐकलं ते नातं सांगा. वाचवणाऱ्या कोळी घरांतल्या आठवणी तर नक्कीच हव्यात; त्यांना कोणी फारसं विचारलेलंच नाही.