मदत हवी आहे: वाळूचे कण सांधणारं 'सिमेंट' येतं कुठून?

गाळाच्या खडकांबद्दल मुलांना शिकवायचं आहे, आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. खडक झिजतो, नदी गाळ वाहून नेते, वेग मंदावला की आधी गोटे, मग वाळू, शेवटी चिखल खाली बसतो. हे सगळं सरळ आहे. चिखलाचंही समजतं: वरच्या थरांच्या भाराने त्यातलं पाणी पिळून निघतं, चपटे कण एकमेकांवर आडवे बसतात आणि शेल हा थरांचा खडक तयार होतो.

वाळूचं मात्र तसं नाही. तिचे कण (०.०६ ते २ मिमी) कडक, बहुतेक क्वार्ट्झचे (म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचे). नुसत्या दाबाने ते चिकटत नाहीत. ताज्या वाळूत साधारण ४० टक्के जागा मोकळी असते. भूजलातून कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज), सिलिका किंवा लोहाचे ऑक्साइड त्या पोकळ्यांत साचतात, तेव्हा कुठे वालुकाश्म होतो. पण साध्या तापमानाच्या पाण्यात क्वार्ट्झ अगदीच कमी विरघळतं. मग एवढ्या पोकळ्या भरायला किती पाणी त्या थरातून वाहावं लागेल! की खोलवरच्या उष्णतेत, दाबाखाली कण जिथे टेकतात तिथेच विरघळतात आणि तीच सिलिका शेजारी पुन्हा जमते? मला हे दुसरं जास्त पटतं, पण उथळ थरांतल्या घट्ट वालुकाश्मांना ते लागू पडत नाही.

भूशास्त्र शिकलेल्या कुणी नीट उलगडून सांगाल का? आणि कोट्यवधी वर्षं जुनी वाळूही काही ठिकाणी सुटीच कशी राहते, तेही सांगा. खडकाच्या पातळ छेदाचे (घासून पारदर्शक केलेल्या कापाचे) सूक्ष्मदर्शकातले फोटो असतील तर कृपया जरूर टाका.