‘अनलिमिटेड’ फायबर, ३३०० जीबीची मर्यादा आणि रात्रीचे अपलोड: तक्रार कोणत्या मुद्द्यावर करावी?

मिरज_संकलन

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत राहतो आणि लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संकलन घरूनच करतो. तुळशीचे लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले की सांगली-कोल्हापूर भागातील छायाचित्रकार हार्ड डिस्क आणून देतात. मी त्या कच्च्या फूटेजची एक प्रत क्लाउडवर चढवतो आणि पुण्यातील सहकारी ती तिकडून उतरवून घेऊन रंगांचे काम करतो. फोर-के चित्रीकरण १०० एमबीपीएसने साठवले, तर एका कॅमेऱ्याच्या एका तासाचे ४५ जीबी होतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन-तीन कॅमेरे चालले, की एका लग्नाचे ४०० जीबी सहज भरतात.

माझी योजना २०० एमबीपीएसची आहे आणि पत्रकावर, पावतीवर, इतकेच नव्हे तर जोडणी देणाऱ्या मुलाच्या टी-शर्टवरही ‘अनलिमिटेड’ हाच शब्द छापलेला आहे. गेल्या महिन्यात ऐन कामाच्या दिवसांत वेग एकदम २ एमबीपीएसवर आला. ग्राहक सेवा केंद्राने सांगितले की तुमचे ३३०० जीबी संपले, आता पुढचे बिल सुरू होईपर्यंत एवढाच वेग मिळेल. त्याआधी ना संदेश आला, ना ईमेल. मर्यादेचा उल्लेख शोधल्यावर तो संकेतस्थळावरील अटींच्या पानाच्या तळाशी सापडला. कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘घरगुती कनेक्शनवर एवढं कुणी वापरत नाही, साहेब.’ २ एमबीपीएसने ४०० जीबी चढवायचे झाले, तर जोडणी क्षणभरही न तुटता अठरा-एकोणीस दिवस लागतात, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. सेवादाराचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझा प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

मर्यादाच नको, असे माझे म्हणणे नाही. ३३०० जीबी ही मर्यादा अनेक घरगुती फायबर योजनांत आढळते आणि रोज संध्याकाळी मालिका-सिनेमे पाहणाऱ्या कुटुंबाला ती पुरून उरते. मात्र ती आकड्यांत मांडून पाहिली, की विचित्र दिसते. १०० एमबीपीएसच्या योजनेत पूर्ण वेगाने सलग वापर केला, तर ३३०० जीबी सुमारे ७३ तासांत संपतात. माझ्या २०० एमबीपीएसच्या योजनेत त्याला ३७ तास लागतात आणि मर्यादा तीच ठेवून कोणी १ जीबीपीएसची महागडी योजना घेतली, तर साडेसात तासांच्या आतच खेळ आटोपतो. महिन्याचे तास ७२० असतात. जो अधिक पैसे मोजतो, त्याला जाहिरातीतला वेग प्रत्यक्षात कमी वेळ वापरता येतो; त्याला ‘न्याय्य वापर धोरण’ म्हणावे, ही गंमत मला अजून पचलेली नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. माझे अपलोड मध्यरात्री बारानंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालावे, असे वेळापत्रक मी आधीपासूनच लावलेले आहे. इमारतीत गर्दी होते ती रात्री आठ ते अकरा या वेळेत आणि तीही डाउनलोडची. पहाटे तीन वाजता रिकाम्या तारेवरून मी जे वर पाठवतो, त्याने शेजाऱ्याच्या क्रिकेट सामन्यात चाक फिरत राहते, हे तांत्रिकदृष्ट्या कसे शक्य आहे? सेवादाराच्या हिशेबात मात्र रात्री नऊचा जीबी आणि पहाटे तीनचा जीबी यांत काहीही फरक नाही.

पूर्वसूचना न देता असा वेग कमी करणे नियमांत बसते का? तक्रार प्रथम कोणाकडे करावी आणि तिच्यात भर कशावर द्यावा: अपुऱ्या माहितीवर, ‘अनलिमिटेड’ या शब्दावर, की नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवरील सर्व आशयाला समान वागणूक देण्याच्या तत्त्वावर? शिवाय माझ्याकडे वापराचा पुरावा म्हणून काय असायला हवे? ‘व्यावसायिक योजना घ्या’ हा सल्ला मिळेलच, तेव्हा ती घेतलेल्यांनी अपलोडचा प्रत्यक्ष अनुभवही कळवावा, ही विनंती.

प्रतिसाद: जोडणीवाला

मी काही वर्षे सातारा भागात एका सेवादाराची स्थानिक वितरणाची फ्रँचायझी चालवली आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. गल्लीतल्या फायबरवर बहुतेक ठिकाणी जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत असते. तिच्यात एका पोर्टवर खाली येण्यासाठी सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाण्यासाठी सुमारे १.२५ जीबीपीएस क्षमता असते, आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांत सरळ भागाकार केला, तर डाउनलोडसाठी प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएस येतात. विकलेला वेग मात्र १०० किंवा २०० असतो. सगळे जण एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत या भरवशावर हा सारा धंदा उभा आहे आणि त्यात फसवणूक नाही, नाहीतर आजच्या दरांत फायबर कोणाला परवडलेच नसते.

मर्यादा का ठेवावी लागते, तेही ऐका. आमच्याकडे एका वसतिगृहाने घरगुती जोडणी घेऊन ती प्रत्येक खोलीत वाटली होती आणि मुलांकडून त्याचे वेगळे पैसे घेतले जात होते. असे ग्राहक ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे महिन्याची बेरीज.

तरीही तुमचा मध्यरात्रीचा मुद्दा बरोबर आहे, हे मान्य करतो. छोटा सेवादार वरच्या कंपनीकडून बँडविड्थ घेतो, तेव्हा तिचा हिशेब बहुधा गर्दीच्या वेळच्या मागणीवर ठरतो. दर पाच मिनिटांनी वापर मोजायचा, महिन्यातील सर्वांत वरच्या ५ टक्के नोंदी सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या आकड्यावर बिल लावायचे, ही त्यातली रूढ पद्धत. पहाटेचा वापर त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय लोकप्रिय व्हिडिओंचा मोठा भाग गूगल किंवा नेटफ्लिक्सने सेवादारांच्या जाळ्यात ठेवलेल्या कॅश सर्व्हरवरून, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती जवळच साठवणाऱ्या संगणकांवरून येतो, त्यामुळे ‘जास्त जीबी म्हणजे जास्त खर्च’ हे समीकरण तिथेही सरळ नाही. यावर कोणी अमर्यादित थाळीचा दाखला दिला, तर तो मानू नका: थाळीतली न खाल्लेली पोळी दुसऱ्याच्या ताटात जाते, पहाटे तीनची न वापरलेली क्षमता मात्र कोणाच्याच कामी येत नाही.

मग बेरजेचीच मर्यादा का? कारण ती लावायला सोपी असते. रेडियस सर्व्हरवर, म्हणजे ग्राहकांची जोडणी आणि वेग ठरवणाऱ्या संगणकावर, कोटा टाकला, की तो ओलांडताच ग्राहकाचे प्रोफाइल, म्हणजे त्याच्या वेगाची नोंद, आपोआप बदलते. त्यासाठी कोणाला काही ठरवावे लागत नाही. गर्दी पाहून, तेवढ्या वेळेपुरताच जड वापर मागे ढकलायचा, तर उपकरणेही हवीत आणि माणूसही हवा. पूर्वी काही योजनांत रात्रीचा वापर मोजलाच जात नसे. ती पद्धत खरे तर अधिक शहाणपणाची होती.

एक व्यावहारिक सूचना: नवे बिल सुरू झाल्यावरही वेग कमीच दिसला, तर राउटर बंद करून पुन्हा चालू करा. जुने सत्र तुटल्याशिवाय काही ठिकाणी नवे प्रोफाइल लागत नाही.

प्रतिसाद: ग्राहकमित्र_नाशिक

तुमच्या तीन पर्यायांपैकी नेट न्यूट्रॅलिटी प्रथम बाजूला ठेवा. दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये स्वीकारलेली तत्त्वे आशयाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करतात. सर्व वापरावर सारखीच लागू होणारी मर्यादा त्या मनाईत येत नाही. तुमच्या क्लाउड सेवेचाच वेग कमी आणि बाकी सर्व सुरळीत, असे आढळले असते, तर गोष्ट वेगळी होती.

तुमची बाजू भक्कम आहे ती माहितीच्या मुद्द्यावर. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, न्याय्य वापर धोरण असलेल्या योजनेत वापराची मर्यादा, तोपर्यंतचा वेग आणि त्यानंतरचा वेग या तिन्ही गोष्टी संकेतस्थळावर आणि जाहिरातीतही सांगाव्या लागतात, आणि वापर ठरावीक टप्प्यांवर पोहोचला की ग्राहकाला सूचनाही द्यावी लागते. त्याच निर्देशांत मर्यादेनंतरचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असे म्हटले आहे. तुमचे २ एमबीपीएस त्यात बसतात. ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेगही २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून वाढवून २ एमबीपीएस करण्यात आला, तेवढाच तुमच्या वाट्याला आला आहे. थोडक्यात, वेग का कमी केला यावर भांडू नका. न सांगता कमी केला आणि पत्रकावर मर्यादा लिहिली नाही, यावर भांडा.

अमेरिकेतही एटी अँड टीच्या ‘अनलिमिटेड’ मोबाइल योजनांबाबत फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये दावा केला, तेव्हा आक्षेप हाच होता की वेग कमी केला जाईल, हे ग्राहकांना पुरेसे स्पष्ट सांगितले नव्हते. २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले.

आता क्रम सांगतो. प्रथम सेवादाराच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक घ्या. फोनवर बोललात तरी तो क्रमांक आल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तराने समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज पाठवून वेळ घालवू नका. पुढचा टप्पा दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपयोगी पडतो.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. दूरसंचाराचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत, असे पूर्वी सांगितले जाई. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो आक्षेप फेटाळला. तुमच्या बाबतीत मात्र एक खाच आहे. व्यावसायिक हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्यांना अपवाद आहे, पण २०१९ च्या कायद्यातील त्या स्पष्टीकरणात वस्तूंचा उल्लेख आहे, सेवांचा नाही, आणि समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवील. म्हणून जोडणी घरातील सर्व जण वापरतात, हे अर्जात प्रथम येऊ द्या आणि संकलनाचे काम ओघात येऊ द्या.

पुराव्यासाठी पत्रकाचे छायाचित्र, पावती, ग्राहक अर्जाची प्रत आणि सेवादाराच्या ॲपवरील दैनंदिन वापराचे पान जपून ठेवा. राउटरमध्ये वापर मोजण्याची सोय असेल, तर आजच सुरू करा, म्हणजे त्यांचा आकडा आणि तुमचा आकडा पडताळून पाहता येईल. वेगचाचणी केबल लावून करा. वाय-फायवर घेतलेली चाचणी कोणीही उडवून लावतो.

मिरज_संकलन

दोघांचेही मनापासून आभार. जोडणीवाला, वसतिगृहाचे उदाहरण पटले, पण त्यावरचा उपाय वसतिगृहाला गाठण्याचा असायला हवा. प्रत्येक मोठ्या बेरजेला फेरविक्री समजणे मला मान्य नाही. महिन्याची मर्यादा ठेवायचीच असेल, तर ती योजनेच्या नावाशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी आणि मध्यरात्रीचा वापर तिच्यातून वगळावा, एवढी माझी मागणी आहे.

ग्राहकमित्र, तुमच्या सल्ल्याप्रमाणे तक्रारीचा मसुदा असा केला आहे: ‘आपल्या पत्रकात व पावतीवर योजनेचा उल्लेख अनलिमिटेड असा असून वापराची मर्यादा व मर्यादेनंतरचा वेग नमूद केलेला नाही. मर्यादा जवळ आल्याची वा संपल्याची कोणतीही सूचना माझ्या नोंदणीकृत मोबाइलवर अथवा ईमेलवर आली नाही. अशी सूचना पाठवली असल्यास तिचा दिनांक व वेळ कळवावी, तसेच चालू महिन्याच्या वापराचा दिवसवार तपशील डाउनलोड आणि अपलोड वेगळे दाखवून द्यावा.’ यात बिलातील सवलतीची मागणी आताच घालावी, की अपिलाच्या वेळी?

प्रतिसाद: ग्राहकमित्र_नाशिक

आताच घाला. पहिल्या तक्रारीत न मागितलेली गोष्ट अपिलात मागितली, की ‘हा नवा मुद्दा आहे’ असे उत्तर येते. वेग कमी राहिलेल्या दिवसांचे प्रमाणशीर भाडे परत मिळावे, एवढेच लिहा. नुकसानभरपाईचा मोठा आकडा घातलात, तर व्यावसायिक हेतूचा प्रश्न तुम्हीच समोर आणाल.