केमो वॉर्डात बॉडी स्प्रे नको, हे स्टाफला कसं सांगू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी एका खासगी रुग्णालयात केमोच्या डे केअरला इन्चार्ज सिस्टर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखीचे बरेच जण इथे वाचतात.

आमच्या नवीन मुली कामाला चोख आहेत. पण त्यातल्या दोघी-तिघी ड्युटीवर येताना स्प्रे असा मारतात की लिफ्टचं दार उघडलं की कोण आलं ते न बघता कळतं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असलेल्या पेशंटना उलटीची इंजेक्शनं देऊनसुद्धा मळमळ पूर्ण जात नाही. त्यात सलाईन लावायला सिस्टर वाकली की तिचं मनगट आणि गळा थेट पेशंटच्या नाकासमोर. एका काकूंनी मला हळूच सांगितलं, "ती उंच मुलगी नको, दुसरी पाठवा." काकूंच्या शिरा सापडता सापडत नाहीत, आणि आमच्याकडे सगळ्यात हलका हात त्या उंच मुलीचाच आहे! म्हणजे वासापायी काकू दोनदा टोचून घ्यायला तयार.

मीटिंगमध्ये विषय काढला तर एकीने सरळ विचारलं, "मॅडम, मी दोन बस बदलून येते. मे महिन्यात घामाचा वास आला तर चालेल का?" तिचं काही चुकलं नाही. मेट्रन म्हणतात सर्क्युलर काढा. पण नोटीस बोर्डावर आधीच इतकी सर्क्युलरं लटकलीत की त्याखाली बोर्ड दिसत नाही.

तर बंदी नेमकी कशावर घालावी? फक्त स्प्रे, की पावडर, केसांचं तेल, गजरा, कपड्यांना लावायचं कंडिशनर हेही? घामावर उपाय काय सांगू? आणि मुलीला लागणार नाही असं बोलावं कसं?

रातपाळी
छातीच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते. दम्याच्या पेशंटला उग्र वासाने श्वास लागतो, हे आम्ही रोज बघतो. नेब्युलायझर लावायला गेलेल्या सिस्टरच्याच अंगाला तसा वास असला तर काय उपयोग?

पण स्टाफला पटवायचं तर मी दुसरी बाजू सांगते. आपलं नाक हे आपलं हत्यार आहे. जखमेत स्युडोमोनास हा जंतू वाढला की पट्टी सोडताच द्राक्षासारखा गोडसर वास येतो. डायबेटिक पेशंट किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये गेला, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल वाढलं, की श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. काळ्या शौचाचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही, रक्तस्राव आहे हे रिपोर्टच्या आधी कळतं. स्वतःच्याच स्प्रेच्या ढगात उभं राहिलं तर यातलं काय कळणार? नवीन मुलींना हे सांगितलं की त्या ऐकतात, कारण यात त्यांच्या कामाचा मान आहे, त्यांच्या अंगाचा विषय नाही.

केमो_झालेली
ताई, पेशंटच्या बाजूने लिहिते. केमोत नाक वेडं होतं. मला फोडणी नकोशी झाली, नवऱ्याचा साबण नकोसा झाला, आणि जन्मभर आवडलेला मोगरा तर अजिबात सोसेना. त्याहून वाईट म्हणजे शरीर वास लक्षात ठेवतं. औषध शिरेत जायच्या आधीच, नुसत्या वॉर्डाच्या वासाने पोटात ढवळायला लागायचं. डॉक्टरांना वाटलं मी घाबरते. मग त्यांनीच समजावलं की हे नेहमीचं आहे, आधीच्या उलट्यांशी तो वास जोडला जातो आणि पुढच्या वेळी वास आला की औषधाविना उलटी येते. उपचार संपून बराच काळ झाला, तरी एका फ्लोरल बॉडी स्प्रेचा वास बसमध्ये आला की मी पुढच्या स्टॉपला उतरते. ज्या सिस्टरच्या अंगाला तो यायचा ती स्वभावाने अतिशय प्रेमळ होती. तिला हे कधी सांगता आलं नाही. सलाईन जिच्या हातात, तिला आपण काय बोलणार?

म्हणून पेशंटने तक्रार करेपर्यंत थांबू नका. बहुतेक जण बोलतच नाहीत.

उगाच_शंका
सगळं सिस्टरच्याच माथी का? वॉर्डात फिनाईल, संडासात रूम फ्रेशनर, रिसेप्शनवर गणपतीसमोर अगरबत्ती, नातेवाईक अत्तर लावून येणार. आधी तो फ्रेशनर काढा, मग मुलींना शिकवा.

हॅलिफॅक्सकर
मी कॅनडात, नोव्हा स्कोशियात नर्स आहे. इथल्या रुग्णालयांत सुगंध बंद आहे, नियम स्टाफ आणि भेटायला येणारे दोघांनाही लागू. दारावर पाटी, अपॉइंटमेंटच्या पत्रात ओळ. कुणी कुणाला हुंगत बसत नाही. वास आलाच तर इन्चार्ज बाजूला घेऊन सांगते, कपडे बदलायला स्क्रब्ज देते, विषय संपला. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात 2015 मध्ये संपादकीयच आलं होतं की रुग्णालयात कृत्रिम सुगंधाला जागा नको. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2009 मध्ये स्वतःच्या कार्यालयांत सुगंधी वस्तू बंद केल्या, आणि ती तर ऑफिसं.

खरेदीची एक टीप: बाटलीवर 'अनसेंटेड' लिहिलं म्हणजे सुगंध नाही असं नसतं, दुसरा वास दाबायलाही सुगंध घालतात. मागे घटकांत 'परफ्युम' किंवा 'फ्रेग्रन्स' आहे का ते बघा.

पाळण्याजवळ
एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून लिहिते. आमच्याकडे सुगंध कडक बंद, कारण बाळ आईला वासावरून ओळखतं, छातीपर्यंत त्याच अंदाजाने पोचतं. पण यादीत एक वास सगळे विसरतात: कपाटातल्या डांबरगोळ्यांचा. नॅप्थलिनमध्ये ठेवलेले कपडे जी6पीडी हे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या अंगाला लागले तर रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते. युनिफॉर्मच्या कपाटात गोळ्या नकोतच. केमोतही तो वास कुणाला आवडणार आहे?

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. शंकासाहेब, तुमचं बरोबर आहे. आज मावशींना सांगून फ्रेशनर काढला. हात चोळायच्या सॅनिटायझरसाठी डब्ल्यूएचओने दिलेल्या कृतीतही सुगंध घालू नका असं लिहिलंय, अ‍ॅलर्जीच्या भीतीने. आमचा लिंबाच्या वासाचा आहे, तोही बदलून मागवते.

ठरवलंय ते असं: चेंजिंग रूममध्ये साधा साबण आणि टॉवेल ठेवायचे, ड्युटी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं त्यासाठी द्यायची. प्रवासाचे कपडे वेगळे, युनिफॉर्म इथेच घालायचा. तुरटी किंवा बिनवासाचा रोल-ऑन चालेल. खोबरेल तेल साधं चालेल, सुगंधी नको. गजरा घरी जाताना माळा. स्प्रे वॉर्डात मारायचा नाहीच, ऑक्सिजन चालू असताना अल्कोहोलचा फवारा तसाही धोक्याचा.

उंच मुलीशी मी एकटीच बोलणार आहे. सुरुवात जखमेच्या वासापासून करीन. नोटिशीचा मसुदा: "ड्युटीवर सुगंधी स्प्रे, अत्तर, पावडर लावू नये. अंगाला घामाचा वास येणार नाही याची काळजी घ्यावी."

रातपाळी
दुसरं वाक्य काढा. ते वाचून प्रत्येकीला वाटेल माझ्याबद्दलच लिहिलंय. त्याऐवजी "साबण-टॉवेल चेंजिंग रूममध्ये ठेवले आहेत" एवढंच लिहा. आणि 'ड्युटीवर' च्या पुढे 'डॉक्टरांसह सर्वांनी' घाला. आमच्याकडे सगळ्यात उग्र आफ्टरशेव्ह राऊंडला येणाऱ्या मोठ्या सरांचं असतं, आणि बोलणी खाते ती जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली पोरगी.