'ग्लास स्लिपर'ला मराठीत काय म्हणायचं?

मधुमालती: गॅदरिंगसाठी सिंड्रेलाचं नाटुकलं मराठीत करतेय. 'काचेची चप्पल' लिहिलं तर बाई म्हणाल्या राजवाड्यात चप्पल घालून कोण जातं, बूट करा. बूट म्हटलं की शाळेचे काळे बूटच डोळ्यासमोर येतात. काय वापरू?

नदीकाठ: सपाता. शार्ल पेरो या लेखकाच्या १६९७च्या फ्रेंच सिंड्रेलात पांतूफ्ल आहे, म्हणजे टाच उघडी असलेलं घरगुती पादत्राण, म्हणून तर पळताना पायातून निसटतं.

पाटीपेन्सिल: चढाव म्हणा की! आमची आजी म्हणायची. चांगला शब्द असताना मेला म्हणून सोडून द्यायचा का?

कोरा_कागद: पण आठ वर्षांच्या पोरांना चढाव म्हणजे घाटातला चढ वाटणार. शब्द कळायला हवा, आधी तेवढं बघा. आणि मुळात काच नव्हतीच ना? फ्रेंचमध्ये काच आणि खारीची फर यांचा उच्चार एकच, म्हणून घोळ झाला असं वाचलंय.

नदीकाठ: ते फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या वेळेपासून चाललंय, पेरोने छापलंय ते काचच. आणि काचच हवी, चामडं ताणता येतं, काच ताणून कुणाला फसवता येत नाही. ग्रिम बंधूंच्या जर्मन गोष्टीत बूट सोन्याचा, तिथे एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, आणि कबुतरं ओरडून सांगतात बुटात रक्त आहे.

रानजाई: चीनमधली सिंड्रेला, येशिएन, त्याहून कितीतरी जुनी, नवव्या शतकात लिहून ठेवलेली. तिथे परी नाहीच, माशाची हाडं इच्छा पुरवतात. जोडा सोन्याचा पण पिसासारखा हलका, दगडावर चाललं तरी आवाज नाही. मला तर हाच सगळ्यात आवडतो.

पाटीपेन्सिल: मग सिंड्रेला हे नावही बदला, त्यात राख आहेच. राखुंडी कसं वाटतं?

कोरा_कागद: राखुंडीने दात घासतात हो!

मधुमालती: नावाचं राहू द्या, पायातलं सांगा.

रानजाई: नाव 'नावडती' ठेवा. शिवामुठीच्या कहाणीत नावडती सून आहेच की, उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, गोठ्यात राहायला. पोरांच्या आज्यांना लगेच कळेल.

नदीकाठ: नाही पटत. नावडतीला देव पावतो तो तिच्या व्रतामुळे, तिथे राजपुत्र जोडा घेऊन दारोदार फिरत नाही. आपल्या कहाणीत तिला घरातच मान मिळतो, तिकडे ती घर सोडून जाते. दोन्ही एकच कशा?

रानजाई: छळ तोच आहे ना! चुलीपाशी बसवलेली पोर इथलीही आहे आणि तिथलीही.