पायमॉल: फंक्शन कंसात चालतं, कमांड म्हणून दिलं की अडतं (मदत हवी आहे)

नमस्कार. पुण्यात एमएस्सी बायोइन्फर्मेटिक्स करते आहे. एचआयव्ही प्रोटीएज (विषाणूचं एक एन्झाइम) आणि इंडिनाव्हिर या औषधाचं स्ट्रक्चर (प्रोटीन डेटा बँकेतला, म्हणजे पीडीबी आयडी १एचएसजी) घेऊन पायमॉल या रेणूंची त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये औषधाच्या आसपासचे रेसिड्यू (प्रोटीनमधली अमिनो आम्लं) रंगवायचे आहेत. सीनियरकडून पायथनची एक स्क्रिप्ट मिळाली. तिच्यात ‘नियर’ नावाचं फंक्शन आहे. लिगंडचं (प्रोटीनला चिकटलेल्या रेणूचं, इथे औषधाचं) नाव आणि अंतर दिलं की ते एकेका अणूचं अंतर स्वतः मोजतं आणि मर्यादेत बसणारे रेसिड्यू लाल करतं.

‘रन’ने फाइल बिनतक्रार लोड होते. मग ‘नियर’ पुढे कंसात, अवतरणात एमके१ (औषधाचं स्ट्रक्चरमधलं नाव) आणि नंतर ४ लिहिलं की झकास चालतं. पण बिनकंसाचं, सरळ ‘नियर एमके१, ४’ दिलं तर सिंटॅक्सएरर. म्हणून फाइलच्या शेवटी ‘सीएमडी डॉट एक्सटेंड’ची, म्हणजे फंक्शनला पायमॉलची कमांड बनवणारी ओळ टाकली. तो एरर गेला, टाइपएरर आला: फ्लोट (दशांश आकडा) आणि एसटीआर (मजकूर) यांची तुलना करता येत नाही म्हणे.

खरी गंमत पुढे. गुरुवारी घरी लाइट नव्हती, म्हणून तीच फाइल लॅबमधल्या जुन्या मशीनवर चालवली. तिथे एरर नाही, पण अख्खं प्रोटीन लाल! ४ द्या नाहीतर १ द्या, फरक शून्य. एरर परवडला, हे नको. कोणाला काही सुचतंय का?

कोथरूडकर:
दोन्हीकडे दुखणं एकच. एक्सटेंडने बनवलेल्या कमांडला पायमॉल सगळे आर्ग्युमेंट (कमांडपुढे लिहिलेल्या गोष्टी) मजकूर म्हणून देतं. तुमचा ४ हा आकडा नाही, ‘४’ हे अक्षर आहे. कंसात लिहिता तेव्हा ती ओळ थेट पायथनकडे जाते, त्यामुळे ४ आकडाच राहतो. (एक्सटेंड नसताना सिंटॅक्सएरर आला तोही म्हणूनच. ओळखीची कमांड नसेल तर पायमॉल ती ओळ पायथन समजून चालवायला जातं.)

लॅबमधलं पायमॉल पायथन २ वरचं असणार. पायथन २ मध्ये आकडा आणि मजकूर यांची तुलना चालते, आणि आकडा कायम लहान ठरतो. म्हणजे प्रत्येक अणू ‘४’पेक्षा जवळ! पायथन ३ निदान भांडतं तरी.

उपाय: फंक्शनच्या पहिल्याच ओळीत अंतराला ‘फ्लोट’मध्ये घाला. दोन्ही मशीनवर चालेल.

पेशवेपार्क:
कोथरूडकर बरोबर सांगताहेत. पण ताई, एवढ्यासाठी अंतरं मोजणारं लूप कशाला? सिलेक्शनमध्ये ‘बायरेस’ आणि पुढे कंसात ‘पॉलिमर विदिन ४ ऑफ रेसएन एमके१’ लिहा (बायरेस म्हणजे पूर्ण रेसिड्यू, रेसएन म्हणजे रेसिड्यूचं नाव), एका ओळीत काम होतं. ४ म्हणजे ४ अँगस्ट्रॉम. ‘पॉलिमर’मुळे पाण्याचे रेणूही आपोआप वगळले जातात. स्क्रिप्ट ठेवायचीच असेल तर आत हीच ओळ वापरा, वेगही वाढेल.

धागाकर्ती:
फ्लोट टाकलं, दोन्हीकडे चाललं! ए आणि बी, प्रोटीनच्या दोन्ही साखळ्यांमधलं अ‍ॅस्पार्टेट २५ (औषध बसतं तिथलंच अमिनो आम्ल) लाल झालंय, म्हणजे निकालही बरोबर दिसतोय. एकच राहिलं: दर वेळी ‘रन’ द्यायला लागू नये म्हणून काय करू?

कोथरूडकर:
फाइल मेनूत ‘एडिट पायमॉलआरसी’ आहे, ती पायमॉल उघडताना आपोआप चालणारी फाइल. त्यात तुमची ‘रन’ची ओळ टाका, पण फाइलचा पूर्ण पाथ देऊन. नुसतं नाव दिलंत तर पायमॉल ज्या फोल्डरमधून उघडलंय तिथेच शोधत बसेल.