मदत हवी आहे: रिकाम्या गोठ्यात येझदीचं गॅरेज करायचंय, सुरुवात कुठून करू?

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी.

चिपळूणपासून थोडं वर, चढावर आमचं गावचं घर आहे. मागीलदारी चिऱ्यांचा गोठा आहे, आतून १४ बाय ११ फूट. शेवटची गाय २०१७ साली गेली. तेव्हापासून त्यात पावसाळ्याची लाकडं, नारळ, फुटकी घमेली आणि आईने 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं सगळं. छप्पर मंगलोरी कौलांचं. वर अर्धा माळा आणि माळ्यावर शेजाऱ्यांचा पेंढा, कारण 'तुमच्याकडे जागा पडूनच आहे'.

या गोठ्यात मला मोटरसायकलच्या कामाची जागा करायची आहे. धंदा वगैरे नाही, एकाच गाडीसाठी. वडिलांची येझदी रोडकिंग, १९८६ ची. २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही बाजारातल्या घराच्या माळ्यावर होतो आणि गाडी खाली. पाणी उतरल्यावर ती सापडली तेव्हा दोन्ही सायलेन्सरमध्ये चिखल बसला होता. एका मेकॅनिककडे दिली. आठ महिन्यांनी परत आणली तेव्हा इंजिन गोणपाटात होतं आणि नटबोल्ट फरसाणाच्या पिशवीत. त्यातले आमचे किती आणि दुसऱ्याच्या गाडीचे किती, देव जाणे. त्यालाही फार बोलवत नाही, तेव्हा त्याच्या दारात पुरातल्या गाड्यांची रांगच होती. पण आता ही गाडी कुणाच्या हातात द्यायची नाही असं ठरवलंय.

मला येतं काय? प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, क्लच वायर. कॉलेजात असताना वडिलांच्या हाताखाली दोनदा इंजिन उघडलेलं पाहिलंय. पाहिलंय म्हणजे बॅटरी धरून उभा होतो. त्यामुळे गाडीपेक्षा आधी जागेबद्दल विचारतो.

गोठ्याची जमीन पूर्वीची, दगड बसवून वर सारवलेली, आणि मागच्या नालीकडे चांगलाच उतार. गाडी मधल्या स्टँडवर लावली की सरकते. भिंतींना खालचे दोन फूट लोणा धरलाय, हात लावला की भुगा पडतो. वीज म्हणाल तर एक होल्डर, घरातून जांभळीच्या फांदीवरून आणलेल्या वायरवर. त्यात भर म्हणजे पावसाळा. जूनमध्ये घरातली विळीसुद्धा तांबूस होते, तिथे पाने आणि बेअरिंगांचं काय होणार! व्हिडिओंमध्ये परसातल्या शेडचं गॅरेज करणारे लोक हीटर कुठला घ्यावा यावर वाद घालतात. आपला वाद वेगळा आहे.

बजेट सगळं मिळून साठ हजार. आज एप्रिलचा तिसरा आठवडा. मिरगाच्या आधी निदान जमीन, छप्पर आणि वीज एवढं व्हायला हवं. आधी काय करू, काय अजिबात करू नको, आणि हत्यारं कुठली घेऊ? गव्हाण तोडली तर तीन फूट जागा मिळेल. गवंडी उद्याच तोडतो म्हणतोय.

दोनस्ट्रोकवाला:

थांबा. गव्हाणीचं @चिरेबंदी सांगतील, मी हत्यारांचं सांगतो.

दोनशे नगांचा चकचकीत डबा घेऊ नका. त्यातल्या दीडशे गोष्टी या गाडीला कधीच लागत नाहीत आणि ज्या लागतात त्या त्यात नसतात. डबल पाने आणि रिंग पाने ६ ते २२, गोटीचा एक बरा सेट, दोन पकडी, सर्क्लिपची पक्कड, कानस, पितळी किंवा रबरी हातोडी, आणि ठोकून फिरणारा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर. तो शेवटचा विसरू नका. पुरातल्या गाडीच्या साइड कव्हरचे स्क्रू साध्या ड्रायव्हरने निघणार नाहीत, फक्त त्यांची डोकी जातील. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

येझदीची खास हत्यारं दोनच समजा: मॅग्नेट ओढायचा पुलर आणि क्लच उघडायचं हत्यार. प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचला फिरवणारी) अखंड असते, त्यामुळे क्लच आणि इंजिनाकडचं स्प्रॉकेट एकत्रच बाहेर येतात. हे माहीत नसलेला माणूस स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो आणि केसिंग, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, फोडतो. तुमचं फुटलंय का ते आधी बघा, आठ महिने बाहेर होतं ना.

आणि क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा) घरी करायचा मोह नको. टू-स्ट्रोकचा क्रँक प्रेसवर दाबून जोडलेला असतो. तो उघडून, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बदलून पुन्हा सरळ जुळवायला प्रेस लागते, डायल गेज लागतो आणि वीस वर्षांचा हात लागतो. ते लेथवाल्याकडे. चिखल गेलेल्या इंजिनाचा क्रँक बाहेरून चांगला दिसला तरी उघडायचाच, बेअरिंगमध्ये रेती राहते.

चिरेबंदी:

गव्हाण तोडू नका!! गवंड्याला उद्या सुट्टी द्या.

तुमच्या गव्हाणीची उंची किती? साधारण दोन-सव्वादोन फूट असेल. त्यावर आडव्या चिऱ्याचा एक थर चढवा, म्हणजे सात इंच. वर फणसाची दीड इंची फळी, चारी बाजूंनी तेल पाजून. उभ्याने काम करायला कोपराच्या जरा खाली येईल असं बाक तयार, आणि हलणार नाही. लोखंडी टेबलावर वाइस (वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा) लावून नट ओढलात तर टेबल खोलीभर फिरतं. चिऱ्याचं बाक फिरत नाही. वाइसखाली मात्र चिरा नको, भुगा होईल. तेवढी एक फूट जागा काँक्रीटने भरा आणि बोल्ट ओलं असतानाच त्यात रोवा.

आता जमीन. पैसे इथेच घाला, बाकी सगळं नंतर. गोठ्यात पन्नास वर्षं गोमूत्र मुरलंय, त्याचे क्षार मातीत आहेत. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात, म्हणून लोणा. वरून कितीही चांगला कोबा घातलात तरी दोन पावसाळ्यांत फुगे येतील. दगड काढा, खालची माती हातभर उपसून टाका (माडांना घाला, खत आहे ते). मग जांभ्याची खडी ठोकून, जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून भिंतीवर सहा इंच वळवून घ्या, आणि वर चार इंच काँक्रीट. फरशी नको, ऑइल सांडलं की घसरगुंडी होते.

उतार ठेवा, पण दाराकडे, आणि दहा फुटांत दोन इंच पुरे. मागची नाली बुजवा. नाहीतर उद्या सांडलेलं ऑइल थेट माडाच्या आळ्यात.

भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका. गवंडी हटून बसेल, तरी नाही. लोणा आत कोंडतो आणि वर चढतो. ब्रशने झाडा, चुन्याचा हात मारा, दरवर्षी मारा.

बाकी छपरात काचेची तीन-चार कौलं घाला, बाकावर उजेड पडेल अशी. दिवसा ट्यूब लावायला लागणार नाही.

टॉर्कवेडा:

गाडी विकून नवी घ्या. हल्ली त्याच नावाची मिळते.

वाशिष्ठीकाठ:

@टॉर्कवेडा, हे मी घरात रोज ऐकतो, इथे तरी नको.

@चिरेबंदी, मोजली. २६ इंच भरली. म्हणजे फळीसकट साडेचौतीस. माझी उंची पाच-सहा आहे, बरोबर बसेल असं वाटतंय. गव्हाणीशेजारी ऐनाचा खुंटा आहे, तो काढू का?

चिरेबंदी:

वेड लागलंय का? बैलाने ओढून न हललेला खुंटा तो. पुढचं चाक काढाल तेव्हा गाडी त्याला बांधा. पट्टा घ्या, काथ्या नको.

आणि एक राहिलं. छपराच्या वाशाला चेनब्लॉक टांगून इंजिन उचलायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. वासे कौलं पेलायला आहेत. येझदीचं इंजिन दोघं मिळून आरामात उचलतात.

वायरमन_सातारा:

जांभळीवरची वायर आजच काढा. फांदी मोडली की जिवंत वायर ओल्या अंगणात.

घरापासून गोठा किती लांब ते लिहिलं नाहीत. ४०-५० फूट असेल तर ४ स्क्वेअर एमएमची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल दोन फूट खोल पुरून न्या, वर विटा आणि मग माती, म्हणजे पुढे कुणी पहार मारली तर आधी वीट लागेल. गोठ्यात स्वतंत्र डबा: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडते), दिव्यांना ६ अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडते), प्लगना १६ ची. प्लगना अडीचची वायर, दिव्यांना दीडची. अर्थिंगचा खड्डा गोठ्याजवळ वेगळा करा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून ग्राइंडर धरणारा माणूस आहे हे डोक्यात ठेवून सगळं करा. तुम्ही अनवाणी असणार, कोकणातले आहात.

सगळे प्लग छातीच्या उंचीवर. कारण फक्त पाणी नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि उताराने खाली जाते. बटण दाबताना ठिणगी पडतेच. खालच्या प्लगवर ती पडायला नको.

काँप्रेसर एक एचपीचा पुरे, म्हणजे साडेसातशे वॅट. पण सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट ओढतो. पावसाळ्यात तुमच्याकडे व्होल्टेज बसलेलं असेल तेव्हा तो गुरगुरत राहील. असं झालं तर लगेच बंद करा, वाइंडिंग जळतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी घेऊच नका. सायकलचा पंप आणि जुनी टूथब्रश यांवर कार्बोरेटर साफ होतो.

अंगणातली:

सगळ्यांनी जमीन, वायर, पाने सांगून झालं, आणि माळ्यावरचा पेंढा कुणालाच दिसला नाही?

माहेरी पेट्रोलपंप आहे, म्हणून बोलते. डोक्यावर पेंढा, कोपऱ्यात सुकी लाकडं आणि खाली पेट्रोलने धुतलेलं इंजिन. त्या गोठ्यात ग्राइंडर चालवणार तुम्ही? कोबा, केबल राहू दे, पहिलं काम पेंढा शेजाऱ्यांना परत. वाईटपणा येईल, येऊ दे.

परवान्याशिवाय घरी ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं, विकायचं नसेल तर. तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. पाण्याच्या बाटलीत तर नाहीच. पण तुम्हाला ३० लागतंय कशाला? दोन लिटर आणा, तेही गोठ्याबाहेर सावलीत ठेवा. पार्ट धुवायला पेट्रोल वापरू नका, डिझेल वापरा, आणि अंगणात. तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, पसरून वाळवायच्या किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पावडरचा, एबीसी लिहिलेला आगीचा सिलिंडर दाराच्या आत लगेच हाताशी लावा. सगळे तो मागच्या भिंतीला लावतात, आणि आग मध्ये लागते.

टाकीत पेट्रोल ठेवून गाडी पावसाळाभर उभी करू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. जुन्या टाकीला आणि कार्बोरेटरच्या रबरांना ते सोसत नाही.

दोनस्ट्रोकवाला:

पेंढ्याचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मान्य.

गंजाचं राहिलं होतं. भंगारातून दाराचं लोखंडी कपाट घ्या, तळाशी ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, आणि कागद किंवा चिंधी त्याला टेकणार नाही अशी जाळी. जून ते सप्टेंबर तो रात्रंदिवस चालू. आतली हवा बाहेरच्यापेक्षा जरा गरम राहिली की दमट साचत नाही. एलईडी नको, तो तेवढा तापत नाही. पाने काम झाल्यावर तेलाच्या फडक्याने पुसून आत. घाईत राहून जातं, आणि नेमकं त्याच आठवड्यात तांबेरा धरतो.

इंजिनाच्या सुट्या भागांना ग्रीसचा हात मारून, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येक पुडीवर काय आहे ते लिहा. फरसाणाच्या पिशवीचा धडा पुरेसा आहे. गाडीवर मेणकापड घालू नका, आत घाम धरतो. जुनं धोतर घाला.

वाशिष्ठीकाठ:

आठ दिवसांनी लिहितोय. पेंढा गेला. शेजारचे काका दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी रायवळचे आंबे घेऊन आले आणि 'गाडी चालू झाली की मला आधी बसव' म्हणाले. लाकडं पडवीत हलवली. माती उपसायला घेतली तर हातभर नाही, दीड हात काळी निघाली. वास अजून जात नाहीये. आईला तो आवडतोय.

केबल ४५ फूट. इथल्या वायरमनला @वायरमन_सातारा यांचा सल्ला दाखवला, तो म्हणाला बरोबर आहे पण दोन फूट खणलं तर खाली जांभा खडक लागेल. दीड फुटांवर तडजोड केली आणि पाइपात घातली.

केसिंग फुटलेलं आहे, @दोनस्ट्रोकवाला. क्लचच्या बाजूला, बोटभर. तुम्हाला कसं कळलं विचारत नाही. वेल्डिंग होईल का?

आता अडचण वेगळीच आहे. आईची अट. गाई नसल्या तरी ती दर वसुबारसेला गोठ्यात पणती लावते, आणि ते बंद होणार नाही म्हणते. गव्हाणीवरच लावते. म्हणजे आता बाकावर.

अंगणातली:

त्या दिवशी टाकी आणि कार्बोरेटर गाडीवर नको, पेट्रोलचा डबा घरामागे, दोन दिवस दारं उघडी टाका. आणि पणती उंबऱ्याबाहेर चिऱ्यावर. आईंना सांगा, गाय दारातूनच आत येते.

दोनस्ट्रोकवाला:

अॅल्युमिनिअमचं वेल्डिंग होतं, पण आतलं तेल पूर्ण निघालं पाहिजे, नाहीतर टाका धरत नाही. आधी गरम पाणी आणि साबणाने तीनदा धुवा. क्रॅकच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायला सांगा, म्हणजे चीर पुढे जात नाही. आणि फोटो टाका, बेअरिंगच्या जागेपर्यंत गेली असेल तर दुसरं केसिंग शोधावं लागेल.