पिग्मीच्या मशीनमध्ये तूट दाखवतायत. बाबांनी ‘तूट मान्य’ असं लिहून द्यावं का?

कोपरीची मुलगी

ठाण्यातले कोणी वकील किंवा सॉफ्टवेअरवाले असतील तर कृपया वाचा. जरा लांब आहे.

माझे बाबा एका पतपेढीचे पिग्मी एजंट आहेत. कोपरी आणि जांभळी नाका ही त्यांची लाइन. किराणावाले, भाजीवाले, सलूनवाले यांच्याकडून रोज संध्याकाळी पैसे घ्यायचे, मशीनमधून पावती काढून द्यायची, सकाळी कॅश काउंटरला भरायची आणि मशीनचा हिशोब जुळवायचा. डायरी होती तोवर एका रुपयाचा वाद झाला नाही. नवीन मशीन आलं आणि भरलेली कॅश व सर्व्हरचा आकडा जुळेनासा झाला. आधी शंभर-दोनशेचा फरक असायचा, बाबा खिशातून घालायचे. आता पतपेढी म्हणते, एकूण 1,86,400 रुपये तूट आहे. व्यवस्थापकांनी टाइप केलेला कागद पुढे ठेवलाय: ‘सदर रक्कम माझ्याकडून येणे आहे हे मला मान्य असून ती मी हप्त्याने भरीन.’ सही केली नाही तर पोलिसांत तक्रार देणार.

मी पावत्यांचे रोल काढून बसले. जांभळी नाक्याला मार्केटच्या आतल्या अंगाला रेंज नसते. तिथे मशीन अडकतं, चक्र फिरत राहतं, मग बाबा पुन्हा बटण दाबतात. रोलवर 4416 नंतर थेट 4418 आहे. 4418 एका भाजीवाल्याची, 500 रुपये. 4417 छापलेलीच नाही. पण ऑफिसच्या स्टेटमेंटमध्ये 4417 आहे: तोच खातेदार, तेच 500, वेळ अकरा सेकंद आधीची. भाजीवाल्याच्या खात्यात हजार जमा दिसतायत आणि तो स्वतः सांगतोय की मी पाचशेच दिले.

हे दाखवलं तर व्यवस्थापक म्हणाले, कंपनीने कळवलंय की सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, आणि बाकी कुठल्याच एजंटची तक्रार नाही. बाबा म्हणतात सही करून टाकू, चाळीत पोलीस यायला नकोत. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या हातात बिनधास्त पैसे दिले, आणि आता त्याच दुकानांसमोरून ते मान खाली घालून जातात. मला हे बघवत नाही.

सही करावी का? आणि चूक सॉफ्टवेअरची निघाली तर जबाबदार कोण? पतपेढी, कंपनी, की ‘दोष नाही’ असं कळवणारा माणूस?

ऐरोलीचा टेस्टर

ताई, काकांना आजच सांगा, त्या कागदावर सही करायची नाही.

मी पैशांच्या व्यवहाराची सॉफ्टवेअर तपासतो. तुम्ही लिहिलेला दोष आमच्या कामात अगदी सुरुवातीला शिकवतात. मशीनने नोंद पाठवली, सर्व्हरने ती घेतली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत यायच्या आत रेंज गेली. मशीनला वाटतं नोंद गेलीच नाही. माणूस पुन्हा बटण दाबतो आणि तोच व्यवहार नवा नंबर घेऊन दुसऱ्यांदा चढतो. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर अशा वेळी जुनाच नंबर पुन्हा पाठवतं आणि सर्व्हर दुसरी नोंद नाकारतो. काकांच्या मशीनमध्ये ती सोय नसावी असं तुमच्या वर्णनावरून दिसतं.

ब्रिटनच्या पोस्टात शाखांचा हिशोब ठेवणाऱ्या हॉरायझन नावाच्या प्रणालीत हे घडलेलं आहे. 2015 मध्ये स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनला 8,000 पौंडांची रोकड नोंदवताना स्क्रीन अडकली, पुन्हा पुन्हा एंटर दाबलं गेलं आणि तीच रक्कम चारदा चढली. गल्ल्यात एक पेनी कमी नाही, पण कागदावर 24,000 पौंडांची तूट उभी! हा एक दोष झाला, असे कितीतरी होते. अशा तुटींवरून 1999 ते 2015 या काळात तिथे 900 हून जास्त लोक दोषी ठरले. त्यातले सुमारे 700 खटले पोस्टाने स्वतःच चालवले, कारण तिथे संस्थेला तसा अधिकार आहे. ज्याचे पैसे गेले म्हणायचे तोच तपास करणार आणि तोच खटलाही भरणार.

‘बाकी कोणाची तक्रार नाही’ हे वाक्य वाचून मला फार राग आला. तिथल्या सबपोस्टमास्तरांना, म्हणजे पोस्टाची छोटी शाखा चालवणाऱ्यांना, हेल्पलाइनवर हेच सांगत: तुमच्या एकट्याकडेच असं होतंय. माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो, घर गहाण टाकून पैसे भरतो. तेव्हा आधी त्याच मशीनवर काम करणारे दुसरे एजंट शोधा.

जबाबदारीचं विचाराल तर माझं मत ठाम आहे. दोष कोणाला माहीत होता आणि तो कोणी लपवला, तिथे बोट ठेवायचं. सीमा मिश्रा या गरोदर सबपोस्टमास्तर बाईंना 2010 मध्ये 15 महिन्यांची कैद झाली. त्यांच्या खटल्यात प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सू कंपनीचे इंजिनिअर गॅरेथ जेंकिन्स यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली होती. 2013 मध्ये पोस्टाच्याच बाजूचे वकील सायमन क्लार्क यांनी लेखी कळवलं, की या साक्षीदाराला दोष माहीत होते आणि त्यांनी ते कोर्टापुढे ठेवले नाहीत. ते पत्र शिक्षा झालेल्यांच्या वकिलांपर्यंत पोहोचायला 2020 उजाडलं. सात वर्षं! कोड लिहिताना चूक होते, मी रोज बघतो, त्यासाठी कोणाला जेलमध्ये घाला असं मी कधीच म्हणणार नाही. पण दोषांची यादी टेबलावर पडलेली असताना ‘दोष नाही’ असं लिहून देणारा माणूस मला गुन्हेगार वाटतो.

ही यादी प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीकडे असते. ती लेखी मागा. मशीनमध्ये कोणती आवृत्ती कधी टाकली तेही मागा. आणि सर्व्हरवरची नोंद बाहेरून बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे जरूर विचारा. फुजित्सूचे लोक शाखांच्या हिशोबात लांबून बदल करू शकत होते आणि पोस्ट वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिलं.

वाशी सेक्टर 9

सगळे एजंट साधू नसतात. माझ्या आईचे भिशीसारखे साठवलेले पैसे एका पिग्मीवाल्याने खाल्ले, पावती देतो देतो म्हणत. मशीन आलं तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं. तुमचे बाबा तसे नसतील, पण पतपेढीने विचारूच नये असं कसं चालेल? ठेवीदारांनी कोणाकडे बघायचं?

ऐरोलीचा टेस्टर

विचारावंच. तुमच्या आईचं झालं ते वाईटच झालं. पण तिथे पैसे दिले आणि पावती नाही. इथे उलट आहे, ऑफिसात पावती आहे आणि पैसे दिलेच नव्हते असं खातेदारच सांगतोय. चोरी करणारा एजंट ग्राहकाच्या खात्यात जास्तीचे पाचशे कशाला चढवील? दोन्ही प्रकार वेगळे ओळखायचे तर नोंदी उघडूनच बघायला हव्यात.

वकील, ठाणे कोर्ट

थोडक्यात लिहितो, सविस्तर सल्ल्यासाठी कागद घेऊन प्रत्यक्ष वकिलाला भेटा.

‘मान्य आहे’ ही कबुली ठरते. हॉरायझनच्या प्रकरणात जोसेफिन (जो) हॅमिल्टन या सबपोस्टमास्तर बाईंवर 36,000 पौंडांच्या चोरीचा आरोप होता. खोटा हिशोब लिहिल्याचं कबूल करा, चोरीचा आरोप सोडतो, असं झालं. गावकऱ्यांनी पैसे जमवून दिले. तुरुंग टळला, पण गुन्हेगार हा शिक्का 2021 पर्यंत राहिला. पैसे भरायचीच वेळ आली तर ‘तूट अमान्य, हक्क राखून’ असं लिहूनच भरा.

आता पुराव्याचं. ब्रिटनमध्ये 1984 च्या कायद्यात अट होती, की संगणकाची नोंद पुरावा म्हणून द्यायची तर तो नीट चालत होता हे दाखवा. 1999 च्या कायद्याने ती काढली. मग संगणक बरोबरच आहे असं धरून चालायचं आणि चूक आहे हे आरोपीने दाखवायचं. किराणा दुकान-कम-पोस्ट चालवणारा माणूस ते कसं दाखवणार? आपल्याकडे ती अट शाबूत आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 63. नोंद केली त्या काळात यंत्र नीट चालत होतं, किंवा बिघाड असला तरी त्याचा नोंदीवर परिणाम झाला नाही, हे लागतं. सोबत प्रमाणपत्र लागतं, एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं. तो निकाल जुन्या पुरावा कायद्यातल्या 65ब कलमावरचा आहे, पण मुद्दा तोच.

प्रत्यक्षात काय होतं ते मी कोर्टात बघतो. छापील नमुन्यावर कारकून सही करतो. मशीन उघडून कोणी बघितलेलं नसतं, आणि बऱ्याच वेळा आरोपीचा वकीलही त्या माणसाला उलटतपासाला बोलावत नाही. तिथेच बोलवायला हवं: दोषांची यादी तुम्ही पाहिलीत का, कोणी दाखवली? खोटं आहे हे माहीत असून कायद्याने लागणारं प्रमाणपत्र देणं हा वेगळा गुन्हा आहे. तुमच्या ‘जबाबदार कोण’ या प्रश्नाचं आजच्या कायद्यातलं सगळ्यात जवळचं उत्तर हे आहे.

तक्रार झालीच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली, विश्वासघाताची होईल. हलक्यात घेऊ नका, ठाणे सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाची तयारी आधीच ठेवा. पतपेढीला अर्ज द्या आणि एक प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांना द्या. रोलचा कागद उष्णतेने उडतो, सगळ्याच्या झेरॉक्स आणि फोटो लगेच काढा. ज्या खातेदारांचे पैसे दुप्पट दिसतायत त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घ्या, पासबुकाच्या पानाच्या प्रतीसह.

घणसोली पिग्मी

ताई, माझी पतपेढी वेगळी, पण मशीन तेच दिसतंय. मलाही ‘बाकी कोणाची तक्रार नाही’ हेच सांगितलं. मी बायकोचं मंगळसूत्र ठेवून भरले. तळवली गावात रेंज जाते तिथे असंच व्हायचं. माझे रोल पेटीत आहेत. कुठे यायचं सांगा.

कोपरीची मुलगी

दादा, फार आधार वाटला. तुमच्या मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, आमच्याशी जुळतोय का बघते. रविवारी ठाणे स्टेशनला पूर्वेकडे या, रोल घेऊन.

बाबांनी सही केली नाही. अर्ज लिहून झालाय: 4417 नंबरच्या नोंदीची सर्व्हरवरची पूर्ण माहिती, दोषांची यादी, आणि ‘दोष नाही’ असं कळवणाऱ्याचं नाव व हुद्दा, हे सगळं लेखी द्या. भाजीवाल्या काकांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. त्यांच्या शेजारच्या दोन गाळ्यांचीही पासबुकं तशीच निघाली.

वकील साहेब, एकच शंका. कंपनीला प्रत थेट पाठवू, की पतपेढीमार्फत?

वकील, ठाणे कोर्ट

थेट पाठवा, स्पीड पोस्टाने. पतपेढीच्या प्रतीवर काउंटरलाच तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तीही पोस्टानेच पाठवा आणि पावती जपून ठेवा.